आधी पडदा तपासणारे गुणाजीभाऊ

शालिनीवहिनींचा फोन मला कधी थेट येत नसे. बोलायचे ते गुणाजीभाऊ, आणि शेवटी "थांब, हिच्याकडे देतंय" म्हणाले की दोन मिनिटं वहिनी. त्यामुळे त्या सकाळी कॉलेजात प्रात्यक्षिकांची परीक्षा चालू असताना, टेबलावर पालथ्या ठेवलेल्या फोनवर वहिनींच्या नंबराचे तीन कॉल येऊन गेलेले दिसले, तेव्हाच मला काय ते समजलं. बाहेरगावचे परीक्षक समोर बसलेले, मुलं एकेक करून संगणकापुढे येत होती. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. वहिनींचा आवाज अगदी स्थिर होता. "हे गेले, बाय. सकाळी. तुजी परीक्षा आटप, मगे ये. धावत येव नको." मी परत आत गेले. ज्या खोक्यावरची दोन बटणं दाबून मुलं परीक्षा देत होती, ते गुणाजीभाऊंनीच केलेलं. उरलेल्या सगळ्या मुलांची परीक्षा मी घेतली, गुण भरले, सही केली... आणि मग पेडण्याला निघाले.

याला आता सहा आठवडे होतील. गुणाजी परब म्हणजे गोव्यात पेडण्याच्या बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, एवढीच त्यांची गावाला ओळख. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की भाऊंना पाय आखडून बसावं लागे. टीव्ही दुरुस्त करून वापरण्याचे दिवस सरले तसे ते मिक्सर, इन्व्हर्टर, देवळातले लाउडस्पीकर, जे येईल ते करू लागले. हरमलला खोल्या भाड्यानं देणाऱ्यांचे बिघडलेले गिझर आणि पंखेसुद्धा त्यांच्याकडे यायचे. मी मानसशास्त्र शिकवणारी, राहणारी डिचोलीची. आमची गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं.

कारण झालं ते आमच्या प्रयोगशाळेचं दारिद्र्य. नोकरीला लागले तेव्हा तिथे आरसा फुटलेली एक पेटी, दोन बंद पडलेली घड्याळं आणि धूळ खात पडलेले काही संगणक होते. मनाचा वेग, लक्ष, स्मरण मोजायची यंत्रं मागवणं शक्य नव्हतं. अशात मला इंटरनेटवर एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सापडलं. पडद्यावर शब्द किंवा चित्र दाखवायचं, समोरच्यानं बटण दाबायचं, आणि मधे किती वेळ गेला ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवायचं, हे त्याचं काम. वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांनी आणि संशोधकांनी मिळून ते लिहिलेलं. कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, हवं ते बदलावं. मी त्यातल्या सूचना मराठीत केल्या. अडचण एकच होती. मुलांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना चाचणीला बसवलं की कीबोर्डवरची ती सगळी बटणं बघूनच त्यांचे हात थबकायचे. मला दोनच मोठी बटणं हवी होती. आमच्या शिपायानं सांगितलं, पेडण्याच्या बाजारात परबांकडे जा.

मी काय हवं ते सांगितलं. भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ह्या कित्याक व्हया?" कशाला हवं, ते मी लॅपटॉप उघडून समजावू लागले, तर म्हणाले, "सांगा नको मॅडम, माका बसया आधी." ते स्वतः चाचणीला बसले. हिरवा ठिपका दिसला की बटण, लाल दिसला की नाही. वीस वेळा. मग त्यांनी विचारलं, "हो येळ मोजता कोण?" मी म्हटलं, हे सॉफ्टवेअर. "आणि ता बरोबर मोजता काय नाय, ता कोण बघता?" मी हसून विषय बदलला. तेव्हा मला तो प्रश्न अडाण्याचा वाटला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

ते सॉफ्टवेअर कोणी केलं, कोणाच्या मालकीचं, असंही त्यांनी विचारलं. कोणाच्याच नाही, त्याचं आतलं सगळं लिखाण कोणालाही वाचता येतं, असं सांगितल्यावर ते उठले आणि माळ्यावरून एका जुन्या रेडिओची पाठ काढून आणली. आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर त्या रेडिओच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा. पूर्वी प्रत्येक रेडिओत तो असायचा म्हणे. मग कंपन्यांनी तो द्यायचं बंद केलं आणि दुरुस्ती करणाऱ्यानं अंदाजानं चाचपडायचं, असं झालं. कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या ह्याचो नकाशो पाठीक चिकटयलेलो आसा." ओपन सोर्स म्हणजे काय, हे मी आजवर अनेक वर्गांना शिकवलं असेल. यापेक्षा सोपं मला कधी सांगता आलेलं नाही.

चार दिवसांनी खोकं तयार झालं. वायरिंगचा पांढरा डबा आणि त्यावर दारावरच्या घंटीची दोन बटणं. दाबल्यावर टक् असा छान आवाज यायचा. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी माझी त्या दुकानात फेरी होऊ लागली. कधी वायर तुटलेली, कधी नवं काही करून हवं असलेलं. मॅडमची मी बाय झाले. चहा आणि उंडो, म्हणजे इकडचा गोल पाव, यायचा, आणि शालिनीवहिनी मागच्या बाकड्यावर बसून स्क्रू, रेझिस्टर वगैरे वेगवेगळ्या बरण्यांत निवडत असायच्या.

आता एका कारखान्याबद्दल लिहायला हवं. ते टाळून भाऊंबद्दल लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं होईल.

डिचोली तालुक्यातल्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. पत्र्याला आकार देणाऱ्या दाबयंत्रांवर काम करणाऱ्यांचं लक्ष आणि हाताचा वेग तपासून द्या, म्हणाले. नुकताच एकाच्या बोटाला अपघात झाला होता. मला अभिमान वाटला. आपलं काम कॉलेजच्या बाहेर कुणाच्या तरी उपयोगी पडतं आहे... तिथल्या प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर भलामोठा टीव्ही होता. मी लॅपटॉप त्याला जोडला. एवढ्या मोठ्या पडद्यावर ठिपका कसा ठसठशीत दिसत होता. कामगार बहुतेक कोल्हापूर-बेळगावकडचे, कंत्राटावरचे. पाळी संपली की एकेक जण येऊन बसायचा. मारुती नावाचा एक जण होता, गडहिंग्लजकडचा. बटणाला हात लावण्याआधी त्यानं दोन्ही तळवे पँटला नीट पुसले आणि विचारलं, "बाई, हे चुकलं तर काय हुतंय?" मी म्हटलं, "काही होत नाही. नुसती चाचणी आहे."

निकाल पाहिला तर जवळजवळ सगळेच मंद. माझ्या प्रयोगशाळेत जमवलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर अकरा जण धोक्याच्या रेषेखाली. त्यात मारुतीही. मी व्यवस्थापकांना फोनवर अंदाज दिला. ते म्हणाले, "लेखी द्या, मॅडम. या अकरा जणांना यंत्रावरून काढू. कंत्राट असंही संपत आलंय, पुढं बघायला नको." मी अहवाल लिहायला घेतला. अपुरी झोप, घरापासून दूर राहणं, सततचा आवाज, या सगळ्यामुळे प्रतिसाद मंदावतो, असा एक परिच्छेद लिहिला. तो मला फार आवडला होता. कामगारांची बाजूही मांडली, असं समाधान वाटलं होतं. सही तेवढी राहिली होती.

त्यातच खोक्याचं एक बटण अडकायला लागलं, म्हणून मी पेडण्याला गेले. भाऊ ते उघडून स्पिरिटनं पुसत होते आणि मी सहज बोलावं तशी सगळं सांगत होते. भाऊंचा हात थांबला.

"खंयच्या पडद्यार दाखयलंस?"

मी टीव्हीचं वर्णन केलं. त्यांनी कापूस खाली ठेवला. "बाय, नवो टीव्ही चित्र येता तसा दाखयणा नाय. आधी सजयता, मगे दाखयता. लोक माज्याकडे तक्रार घेवन येतत, आवाज आधी येता आणि तोंड मागसून हलता म्हणान." मी म्हटलं, असून असून किती उशीर होणार? ते म्हणाले, "ता माका सांगूक येवचा नाय. मोजूक व्हया."

मोजायची त्यांनी काढलेली युक्ती इतकी सोपी होती की मला आजही तिचं नवल वाटतं. प्रकाश पडला की वीज सोडणारा, तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग असतो. तो त्यांनी खोक्यातल्या बटणाच्या तारांना जोडला. आता पडद्यावर उजेड झाला की माणसाच्या बोटाशिवायच बटण दाबल्यासारखं होणार. सॉफ्टवेअरला एवढंच ठाऊक असतं की आपण ठिपका पडद्याकडे पाठवला. पडद्यानं तो डोळ्यांना कधी दाखवला, हे त्याला कळायला मार्ग नाही. हा दाणा पडद्यावर चिकटवला की ते कळणार. दुकानातच माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. अगदी नगण्य वेळ आला.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना गाडीत घालून कारखान्यात नेलं. व्यवस्थापक हात बांधून उभे होते. खिडकीच्या बाहेर पाळीवरून सुटलेले चार-पाच कामगार डोकावत होते. भाऊंनी काळ्या चिकटपट्टीनं तो दाणा टीव्हीवर बसवला आणि मला म्हणाले, "चालू कर." वीस वेळा ठिपका आला, वीस वेळा नोंद झाली. मी आकडे वाचले. दर खेपेला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त वेळ गेला होता. एवढाच फरक त्या अकरा जणांना रेषेखाली ढकलायला पुरला होता. व्यवस्थापकांनी विचारलं, म्हणजे काय समजायचं? भाऊंनी चाचणीच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "सायब, कदेलार कोण बसाक नाय. तरी उशीर झालोच."

 मग पुढचं मीच बोलले. चूक माझी आहे, मी ज्या पडद्यावर चाचणी घेतली तो तपासला नव्हता, हे निकाल धरू नका, मी पुन्हा घेते. व्यवस्थापक नाराज झाले. पुढे त्यांनी मला कधी बोलावलंही नाही. पण पुन्हा घ्यायला परवानगी दिली, तेही सकाळी, पाळी सुरू होण्याआधी. साध्या, छोट्या पडद्यावर, आधी मोजून. अकरातले नऊ जण इतर कोणाहीसारखेच निघाले. उरलेल्या दोघांतल्या एकाला चष्मा लागला. दुसरा खरोखर मंद होता आणि त्याला गोदामात काम मिळालं. मारुती यंत्रावरच राहिला. तो मला म्हणाला, "मी म्हटलंच हुतं बायकोला, माझा हात काय येवढा जड न्हाई." म्हणजे तो हे घरी बोलला होता. काही होत नाही, नुसती चाचणी आहे, असं मी त्याला सांगितलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडल्यावर गाडीत मला रडू आवरेना. भाऊ म्हणाले, इतक्या लांब आलोच आहोत तर नार्व्याला जाऊन येऊ. सप्तकोटेश्वराच्या देवळात दुपारची सामसूम होती. दर्शन घेऊन आम्ही पायरीवर बसलो. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. धंदा नवा होता तेव्हाची. एक म्हातारी नवऱ्याच्या पश्चात त्याचा रेडिओ घेऊन आली. भाऊंनी मीटर लावून पाहिलं आणि हा गेला, काही उपयोग नाही, असं सांगितलं. ती तो घेऊन गेली आणि भंगारात दिला. संध्याकाळी दुसरा रेडिओ तपासताना भाऊंना कळलं की मीटरचाच सेल उतरलेला. ते तिच्या घरी गेले, भंगारवाल्याकडे गेले... रेडिओ मिळाला नाही. "तेवापासून आधी मीटर बघतंय," ते म्हणाले. "तुका तर सही करुच्या आधी कळला. माज्यापेक्षा तू नशीबवान." मला धीर देण्यासाठी त्यांनी स्वतःची इतक्या वर्षांची बोच उघडी केली.  आभार मानायचं मला सुचलंच नाही.

आभार मानले ते वेगळ्या रीतीनं. त्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची एक खुली जागा आहे. तिथे कोणीही प्रश्न विचारतो, कोणीही उत्तर देतो. भाऊंची पद्धत मी तिथे इंग्रजीत लिहिली. ही गुणाजी परब यांची पद्धत आहे, मी फक्त लिहून घेतली, असं वर स्पष्ट घातलं. सोबत त्यांनी काढलेली आकृती जोडली. भाऊंनी ती वहीच्या कागदावर काढली होती आणि बाणापाशी पेडण्याच्या बोलीत 'हंय चिकटय', म्हणजे इथे चिकटव, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, इथे इंग्रजीत लिहूया का? म्हणाले, "बाण आसा मगे. समाजतला." उत्तरं येऊ लागली. कोणी म्हणालं, आमच्याकडच्या पडद्यालाही एवढाच उशीर निघाला. कोणी फोटो मागितला. यंत्रं विकत घ्यायची ऐपत नसलेल्या एका महाविद्यालयाच्या शिक्षकानं लिहिलं, तुमच्यामुळे मला हे घरच्या वस्तूंत जमलं. मी दुकानात बसून एकेक पत्र मराठीत वाचून दाखवायची. भाऊ ऐकत, मधेच थांबवून विचारत, "त्येचो टीव्ही किती वर्सांचो?" काही महिन्यांनी त्यांची पद्धत सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पानांत गेली, त्यांच्या नावानिशी. आकृती तशीच्या तशी ठेवली आहे. जगात कुठेही कोणी ते पान उघडलं तर बाणापाशी देवनागरीत 'हंय चिकटय' दिसतं.

गेली दोन वर्षं त्यांना दम लागायचा. दुकान अर्धा दिवस उघडं, मग आठवड्यातून तीन दिवस. तरी त्याच दिवसांत मला बटणांचं दुसरं खोकं तिथूनच मिळालं होतं. मला ते शेवटचे भेटले म्हापशाच्या इस्पितळात. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावलेला. मला पाहताच त्यांनी बोट वर केलं. "हेच्यात पण तसलोच दाणो आसा. उजेड मोजता." परिचारिका आली तेव्हा तिला म्हणाले, "हेची वायर ढिली आसा गो, आकडो पडता तो माजो नाय." तिनं वायर नीट बसवली आणि आकडा खरंच वर आला. ती हसली, भाऊ हसले, वहिनी हसल्या. मी त्यांना तेव्हा म्हटलं, "भाऊ, त्या अकरा माणसांचं मी काय करून बसले असते..." त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "केलंस नाय मगे. झाला." आणि कॉलेजात यंदा मुलं किती आहेत, ते विचारू लागले.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी त्या खुल्या जागेवर त्यांच्या नावानं एक प्रश्न आला. कुठल्याशा दूरच्या गावातून एक बाई वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी चाचणी करत होत्या. पडद्यावर शब्द दाखवण्याऐवजी स्पीकरवरून ऐकवायचे. 'श्री. परब, आवाजाला होणारा उशीर कसा मोजायचा?' मी उत्तर लिहायला बसले. ते वारले, एवढंच मला लिहिता येत होतं. आवाजाचं आम्ही कधी केलंच नव्हतं. शेवटी मी ते पत्र घेऊन वहिनींकडे गेले. त्यांना वाचून दाखवावं, बरं वाटेल, एवढाच हेतू होता.

वहिनींनी ते दोनदा वाचून घेतलं. मग उठल्या, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चल." दुकान ते गेल्यापासून बंदच होतं. वहिनींनी दिवा लावला, मेजावरची धूळ पुसली आणि बरण्यांतून न बघता एकेक वस्तू काढू लागल्या. जुन्या फोनमधला छोटा मायक्रोफोन, तार, दोन रेझिस्टर. सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला येतं हे?"

"ह्यांचो हात दोन वर्सां कापायचो," त्या म्हणाल्या. "तुजा दुसरा खोक्या कोणी केला वाटता तुका? हे सांगायचे, मी करायचंय. कोणाक सांगा नको म्हणालेले. गिऱ्हाईक येवचा नाय म्हणान."

प्रकाशाच्या दाण्याच्या जागी मायक्रोफोन. आवाज झाला की बटण दाबल्यासारखं व्हायला हवं. पहिल्यांदा काहीच नोंद झाली नाही. वहिनींनी एक रेझिस्टर बदलला. दुसऱ्या वेळी बाजारातल्या प्रत्येक हॉर्नला नोंद होऊ लागली. त्यांनी मायक्रोफोनभोवती कापूस गुंडाळला, स्पीकरला घट्ट टेकवला आणि म्हणाल्या, "आता बघ." वीस आवाज, वीस नोंदी. मी आकडे मोठ्यानं वाचले, त्यांनी ते भाऊंच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर लिहिले. मी तिथेच बसून उत्तर लिहिलं आणि विचारलं, "नाव कोणाचं घालू?"

"ह्यांचा," त्या लगेच म्हणाल्या. आयर्न पुसून स्टँडवर ठेवलं, पडद्याकडे पाहिलं. "आणि खाली माजा पण घाल. शालिनी परब."

मी दोन्ही नावं घातली. भाऊ उंच होते, त्यांची फिरकीची खुर्ची अगदी खाली उतरवलेली असायची. काम सुरू करताना वहिनींनी ती चार-पाच वेढे फिरवून उंच करून घेतली होती, तेव्हा कुठे त्यांचे हात मेजावर नीट पोचले. निघताना त्यांनी दिवा मालवला, प्लग काढले, वही खणात ठेवली. खुर्ची तेवढी त्यांनी खाली उतरवली नाही.